दोन हजार फुटांचं खळं

पुंजाजीला घाई करायला लावेल असा माणूस आमच्या निमखेडीत अजून जन्मलेला नाही. त्याची बायको रुखमाबाई हिनं चाळीस वर्षं प्रयत्न केला आणि मग तो नाद सोडला. "पाय उचला जरा," असं ती म्हणाली की पुंजाजी खरोखरच एक पाय उचलून तळवा बघायचा, काटा नाही ना याची खात्री करायचा आणि होता त्याच चालीनं पुढं निघायचा.

हा माणूस खळी करायचा. शेतकरी सगळेच असतात आणि खळं प्रत्येकाच्याच शेतात असतं. पण जळगाव जामोदपासून इकडं सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या दहा-बारा गावांत ज्वारी निघायच्या आधी ज्याला त्याला पुंजाजीच लागायचा. तो आधी जागा बघत हिंडायचा. मग गवत खरडायचा, जमीन उकरायचा, पाणी द्यायचा, मधे मेढीचा खांब रोवून बैलांची पात फिरवायचा आणि शेवटी शेणानं सारवून घ्यायचा. हे सगळेच करतात. त्यानंतरचं मात्र फक्त पुंजाजी करायचा. अनवाणी चालत पावलागणिक जमिनीवर टाच मारायची आणि कान देऊन ऐकायचं. आवाज आवडला नाही की तेवढा तुकडा पुन्हा उकरायचा. मालक कंटाळून विचारायचा, "झालं का नाई, पुंजाजी?"

"होत नसते, बाप्पा. बसते. बसू दे."

त्याच्या खळ्यावर मूठभर ज्वारी सांडून केरसुणी फिरवली तर मूठभरच परत मिळायची. "माह्या खळ्यानं आजवर एक दाना खाल्ला नाई," असं तो म्हणायचा. बाकी कशाचा गर्व करायला त्याच्याजवळ काही नव्हतंच. चार एकर रान होतं, एक बैलजोडी होती, आणि एक पागोटं होतं, त्याचा मूळ रंग कोणता यावर गावात दोन मतं होती.

महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. त्या साली कपाशीवर अळी पडली आणि तालुक्यातल्या मोठ्या लोकांनी ठरवलं की औषध आता विमानानं फवारायचं. विमानाला उतरायला जागा हवी. काळ्या जमिनीत ते रुतलं असतं, म्हणून आमच्या गावाच्या वरचं बरड निवडलं गेलं. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि तरोटा. तिथं शेळ्यासुद्धा जरा विचार करूनच चरायला जायच्या. दोन हजार फूट लांब आणि पन्नास फूट रुंद अशी मुरमाची पट्टी करायचं काम एका ठेकेदारानं घेतलं. मी जळगावला मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, म्हणून औषधाच्या पिंपांवर लक्ष ठेवायचं काम मला मिळालं. मॅट्रिक झालेल्या माणसानं पिंपांवर लक्ष ठेवलं की पिंपं पळून जात नाहीत, असा ठेकेदाराचा समज होता.

रोड रोलर निघाला तो नाल्याच्या रेतीतच रुतला. तो तिथंच राहिला आणि पोरं त्याच्यावर बसून पेरू खाऊ लागली. शेवटी आमच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा लोहार फकीर मोहम्मद याला दगडी रुळाला लोखंडी आस बसवायला सांगितलं, आणि तो रूळ बैलांनी ओढायचं काम पुंजाजीकडं आलं. अकरा जोड्या जमल्या. पाणी, मुरूम, रूळ. पुन्हा पाणी, पुन्हा रूळ. महिनाभर हेच चाललं. संध्याकाळी पुंजाजी दोन हजार फूट टाचा मारत जायचा आणि टाचा मारतच परत यायचा.

फकीर मोहम्मद बिडी ओढत विचारायचा, "पुंजाजी भाऊ, इतना बडा खळा किया. जवारी कहाँ से लाते?"

"जवारी वरून येनार हाये," पुंजाजी सांगायचा.

पट्टीचा पुढचा भाग असा झाला की अधिकाऱ्यानं त्यावरून जीप पळवून पाहिली आणि मान डोलावली. पण गावाकडचं टोक, शेवटचे दीडशे फूट, राहून गेलं होतं. मुरूम संपला होता. ठेकेदाराचा मुकादम सणाला म्हणून घरी गेला होता आणि विमान तर दोन दिवसांत यायचं होतं. खळं अर्धवट ठेवायचं पुंजाजीच्या रक्तात नव्हतं. त्यानं नाल्यातला काळा गाळ आणला, शेण-भुसा घालून तुडवला, लिंपला, रूळ फिरवला आणि वरून उरलासुरला मुरूम भुरभुरला. वाळल्यावर ते टोक बाकीच्या पट्टीपेक्षाही देखणं दिसू लागलं. टाच मारली की खणखणायचं. खळ्याला यापेक्षा आणखी काय लागतं?

आमच्याकडं एक रीत आहे. नव्या खळ्यावर पहिली रास पडायच्या आधी घरधनीण सडा टाकते. त्यानं धूळ बसते, लक्ष्मीचे पाय मळत नाहीत. विमान येणार त्या सकाळी रुखमाबाई आणि तिच्यासोबत गावातल्या बायका घागरी घेऊन बरडावर आल्या. विमान आपल्याकडं तोंड करून थांबणार, तेव्हा पाहुण्याच्या पायाशी धूळ नको, असा सरळ हिशोब होता. पन्नास-साठ घागरी शेणपाण्याचा सडा त्या टोकाला पडला. पुंजाजी बाजूला उभा राहून बघत होता. कुठं कोरडं राहिलंय ते बोटानं दाखवत होता.

दसऱ्याच्या अलीकडचे दिवस होते. ऊन कडक होतं. आधी नुसता आवाज आला. तो कुठून येतोय ते कळेना, म्हणून लोक चारही दिशांना बघू लागले. मग पूर्णेच्या अंगानं एक पिवळा ठिपका दिसला. तो वाढत गेला. हिरव्या कपाशीवरून त्याची सावली धावत होती आणि सावलीच्या पुढं पुढं होले उडत होते. मी शाळेत विमानावर निबंध लिहिला होता, दहापैकी सात गुण मिळाले होते. ते सात गुण त्या क्षणी परत करावेत असं मला वाटलं. दोन हजार माणूस जमलं होतं, पण लहान पोरसुद्धा रडत नव्हतं. म्हाताऱ्या गोजरबाईनं हात जोडले आणि मग ते खाली घ्यायचे विसरून गेली.

सगळं गाव आभाळाकडं बघत होतं. पुंजाजी माझ्या शेजारी उभा होता आणि तो एकटा जमिनीकडं बघत होता. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला चाकं टेकली, मुरूम घुमला.

"बोलून राह्यली," पुंजाजी पुटपुटला. "नीट बोलून राह्यली."

विमान आमच्याकडं धावत येत होतं. तो घुमणारा आवाज पायांतून वर चढत होता. मग एकाएकी तो थांबला. विमान नव्हतं थांबलं, आवाज थांबला होता. चाकं फिरत नव्हती आणि विमान येतच होतं, साबणावरून सरकावं तसं, तिरपं. पुंजाजीनं माझं मनगट धरलं. एक चाक पट्टीबाहेरच्या चरात गेलं. विमान तिथंच गरकन फिरलं, नाक खाली गेलं, शेपटी वर उठली, आणि ओढ्यावर पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखं ते उभं राहिलं. पुढचा पंखा मातीत घुसून वाकला होता. त्यानंतर जी शांतता पसरली तीत नाल्यावरच्या रोलरवर बसलेल्या पोरांचा आवाज ऐकू आला.

आणि मग आम्ही पुंजाजीला पळताना पाहिलं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानंही ते पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

आत कप्तान पट्ट्याला लटकला होता. त्याचं कपाळ फुटलं होतं. पुंजाजी खाली ओणवा झाला आणि कप्तान त्याच्या पाठीवर पाय देऊन उतरला. तिशीतला, किरकोळ अंगाचा माणूस होता तो. मिशी नव्हती. आमचा सरपंच इंद्रभान याचा त्यामुळं थोडा विरस झाला, त्यानं मोठ्या मिश्यांचा पायलट मनात धरला होता. रुखमाबाईनं कपाळावर हळद दाबली. कप्तानानं रक्त पुसलं, मागं वळून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "जमीन को क्या हुआ?"

पुंजाजीनं एक पाय उचलून तळवा बघितला. त्याला तो काळा गाळ लागलेला मला दिसला.

विमान असं नाकावर उभं ठेवणं गावाला अपमानाचं वाटत होतं. गोधड्या आल्या, नाडे म्हणजे जाड दोर आले, चार जोड्या जुंपल्या गेल्या, चाळीस माणसं लागली आणि शेपटी अलगद खाली आली. ज्याला हात लावायला मिळाला तो हात लावून आला. कातडं ढोलकीसारखं वाजत होतं. एवढं मोठं दिसणारं धूड आणि पंख माणसांनी उचलला तर उचलला जात होता. "याच्यात वजनच नाई बे," एकानं दुसऱ्याला सांगितलं, आणि वजन नसलेल्या वस्तूला एवढं सांभाळून न्यायचं म्हणून सगळेच दबकत चालू लागले. या सगळ्या सेवेत एक गोष्ट झाली. बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी तो ओला तुकडा पार तुडवला गेला. दुपारच्या उन्हानं उरलेलं काम केलं. चार वाजता तिथं पाणी पडलं होतं असं सांगितलं असतं तर मलाही खरं वाटलं नसतं.

पट्टीला सगळ्यात जवळचं घर पुंजाजीचं, म्हणून कप्तान तिथंच उतरला. दिवस मावळायच्या आत रुखमाबाईनं भाकरी आणि ठेचा वाढला. कप्तानानं ठेचा खाल्ला आणि त्याचे डोळे लालबुंद झाले. मग डोळे पुसून हिंदीत सांगू लागला. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडं त्याच्या विमानाचं टायर फुटलं होतं. चूक पायलटची, असं कागदावर आलं. आता चौकशीला साहेब येणार. त्यांना पट्टी कोरडीच दिसणार, हवा स्वच्छ, विमान चांगलं. मग पुन्हा चूक पायलटचीच. "दूसरी बार लिखा तो लायसन गया," तो हसून म्हणाला. "फिर मैं तुम्हारे बैल हाँकूँगा."

"बैल हाकनं सोपं नाई, साहेब," पुंजाजी म्हणाला. पण भाकरीचा तुकडा त्याच्या हातात होता तो हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभाननं पारावर सगळ्यांना बोलावलं. "पान्याचं नाव कोनी काढायचं नाई," तो म्हणाला. "नाव काढलं का ही पट्टी गेली धामनगावले. अन पुंजाजी गेला जेलात. मानूस वाचला, विमान दुरुस्त होते, मंग तोंड उघडाचं काम काय?"

लोकांनी माना हलवल्या. पुंजाजीनं हलवली नाही, पण त्याची मान तशीही सावकाशच हलायची, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी रुखमाबाई चुलीपुढं बसून होती. "सडा म्या टाकला," ती म्हणाली. "माह्यं नाव सांगजा."

"तुह्यं पानी वरचं," पुंजाजी म्हणाला. "पानी तर आभाळातूनही पडते. खाली जमीन कोनं केली थे सांग."

"तुम्हाले कोनी खळ्याले बलावनार नाई मंग."

पुंजाजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा आत सारलं. मी चहाची बशी हातात धरून उंबऱ्यावर बसलो होतो. जावं की बसावं ते कळत नव्हतं, चहाही संपला होता.

"माह्या खळ्यानं एक दाना खाल्ला नाई आजवर," तो शेवटी म्हणाला. "आता त्या पोराची भाकर खाऊन राह्यलं."

तिसऱ्या दिवशी साहेब आले. डोक्यावर हॅट, हातात मोजायची टेप, पायात असे चकचकीत बूट की त्यात इंद्रभानला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्यानं टोपी सरळ केली. साहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून मला मधे उभं केलं. कप्तान बाजूला पट्टी बांधलेलं कपाळ घेऊन उभा होता, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. साहेबांनी टेप लावली, चाकाच्या खुणा शोधल्या, खुरांच्या खुणा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मग विचारलं, त्या दिवशी पट्टी कशी होती?

"कोरडी ठन होती साहेब," इंद्रभान म्हणाला. मी त्याचं भाषांतर केलं. मॅट्रिकच्या शिक्षणाचा तो उपयोग मला आजही फारसा अभिमानाचा वाटत नाही.

साहेब लिहायला लागले. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. डोक्यावर एक, खांद्यावर एक अशा दोन घागरी घेऊन पुंजाजी येत होता. मागं रुखमाबाई एक घेऊन येत होती. अर्थातच सावकाश. इंद्रभाननं डोळे मोठे केले, खोकला काढला, शेवटी "पुंजाजी, घरी जा बे," असंही म्हणून पाहिलं. पुंजाजीनं तिन्ही घागरी त्या टोकावर ओतल्या, तळहातानं पाणी पसरलं आणि कडेला उकिडवा बसला.

"काय करून राह्यला तू?" इंद्रभाननं दात आवळून विचारलं.

"मुरू दे जरा."

पाणी मुरेपर्यंत साहेब, कप्तान, सरपंच आणि दोनशे माणूस उभं राहिलं. मग पुंजाजी उठला आणि साहेबांना हातानं या म्हणाला. साहेबांनी एक बूट पुढं टाकला, दुसरा टाकला, आणि तिसऱ्या पावलाला साहेब, हॅट आणि टेप तिघंही वेगवेगळ्या दिशांना निघाले. हॅट आणि टेप गेली. साहेबांना पुंजाजीनं दंडाला धरून उभं ठेवलं. तो स्वतः अनवाणी त्याच चिखलात उभा होता आणि तसूभरही हलला नव्हता.

कोणी हसलं नाही. एरवी आमच्या गावात यापेक्षा फार कमी कारणावर लोक हसतात.

"म्या केलं हे," पुंजाजी म्हणाला. "मुरूम सरला होता, मंग गाय लिंपला. अन वरून सडा टाकून घेतला. पाहुना येनार होता, त्याच्या पायाशी धूळ नोको, म्हनून."

गाळाला आमच्याकडचे जुने लोक गाय म्हणतात. मी ते नीट समजावून सांगितलं, या वेळी एक शब्दही कमी-जास्त न करता. साहेबांनी विचारलं, बाकीची पट्टी कोणी केली?

"तिकडची चांगली बी म्याच केली, इकडची वाईट बी म्याच. खळ्यावर बैल फिरते साहेब, बैल कधी असा जोरात येऊन थांबत नाई. मले थे सुचलं नाई."

साहेबांनी आपल्या बुटाला लागलेला गाळ पाहिला. मग हॅट उचलली, झटकली, पण घातली नाही. ती तशीच हातात धरून त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते कप्तानानं खांद्यावरून वाचलं असावं, कारण तो लगेच वळला आणि विमानामागं जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा कपाळावरची पट्टी सैल झाली होती आणि डोळे लाल होते. ठेच्यानं झाले होते तसेच.

पुंजाजी जेलात गेला नाही. पट्टीही धामणगावला गेली नाही. पण ठेकेदारानं त्याला बरडावर पाय ठेवू नको म्हणून सांगितलं आणि बाहेरची माणसं आणून ते टोक मुरूम घालून नव्यानं केलं. गावातही जरा थंडच होतं. ज्वारी निघायची वेळ आली, तरी पुंजाजीला यंदा बोलावणं नव्हतं. "त्याच्या खळ्यावर आमचे बैल घसरले तं?" असं कोणीतरी पारावर म्हणालं आणि बाकीच्यांनी ते फारसं खोडून काढलं नाही. पुंजाजी आपल्या चार एकरांत निंदत बसायचा. चालताना मात्र टाच मारायची सवय सुटली होती. रुखमाबाईला घरात ते जाणवायचं. "घर मुकं झालं," असं ती एकदा मला म्हणाली.

दिवाळीच्या आसपास विमान पुन्हा आलं. नवा पंखा, तोच कप्तान. गर्दी होतीच. विमान पट्टीवरून अगदी कमी उंचीवर गेलं, उतरलं मात्र नाही. पुन्हा फिरून आलं, पुन्हा तसंच गेलं. ठेकेदार खालून हात हलवत होता, विमानाला त्याचं काही नव्हतं. तिसऱ्या फेरीला वरून काहीतरी पडलं. एका नटबोल्टाला कागद गुंडाळून दोरा बांधलेला. मी उघडून वाचला. हिंदीत एकच ओळ होती. पुंजाजी चालल्याशिवाय मी उतरणार नाही.

मी ती दोनदा मोठ्यानं वाचली. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही.

फकीर मोहम्मद स्वतः सायकल घेऊन शेतात गेला. पुंजाजी सायकलवर बसला नाही, तो कधीच बसत नसे. चालत आला. वर विमान घिरट्या घालत होतं. ठेकेदार बाजूला झाला. पुंजाजीनं पट्टीच्या कडेला वहाणा काढून ठेवल्या, पागोटं नीट केलं आणि चालायला लागला.

दोन हजार फूट. पावलागणिक टाच, टाचेगणिक थांबणं. मधेच तो खाली वाकला, एक गोटा उचलून बाहेर टाकला. ठेकेदाराच्या माणसांनी केलेल्या नव्या टोकाशी आला तेव्हा फार वेळ उभा राहिला. दोनदा टाच मारली. मागं आला, पुन्हा मारली. वर विमानाचा आवाज फिरतच होता, आणि खाली एवढी शांतता होती की कडेला उभं राहून त्या टाचेचा आवाज ऐकू येत होता. इंद्रभाननं टोपी काढून हातात घेतली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गोजरबाईचे हात पुन्हा जोडलेले होते. पण या वेळी ती वर बघत नव्हती.

"चाळीस वर्षं म्या म्हनलं, पाय उचला," रुखमाबाई माझ्या शेजारी पुटपुटली. "आता आभाळातला मानूस थांबून राह्यला. त्याले कोन सांगन?"

पुंजाजी कडेला झाला. त्यानं खांद्यावरचा शेला काढला आणि एकदाच, सावकाश, हलवला. विमान वळलं, खाली आलं, आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत राहिली.